विडी यांची, गाठ माझी

पोलादपूर (टपालापुरतं, आमची वाडी तिथून दीड तास वर)
मंगळवार

तीर्थरूप आवडीअक्कास,

धाकट्या तुळजाचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, म्हणून सध्या मनानंच ठेवलं आहे). तू, सूनबाई सोनाली, नातवंडं आणि हिरकणीवाडीतलं तुझं पिठलं-भाकरीचं दुकान, सगळं सुखरूप असेल असं धरून चालते. सुट्टीचे दिवस आहेत, गडावर येणाऱ्या मंडळींना चुलीवरचीच भाकरी लागते, तेव्हा तुला मान वर करायला फुरसत नसणार. इकडे सर्व ठीक आहे. गाय व्याली, कालवड झाली. फणस यंदा बुंध्यापासून लागले आहेत. आणि माझ्या उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या कप्प्यात सुपारीएवढी गाठ निघाली, ती कर्करोगाची आहे, पण अगदी सुरुवातीची आहे. हे वाक्य मी मुद्दाम गाईच्या आणि फणसाच्या नंतर लिहिलं. घरी येणाऱ्यांनाही मी बातम्या याच क्रमानं सांगते, आणि निम्मे लोक कालवडीवरच थांबतात.

फोन का केला नाही म्हणशील. अक्का, तुला फोनवर ऐकू येत नाही हे तुला सोडून सगळ्या रायगड जिल्ह्याला माहीत आहे. मागच्या खेपेला मी तुला कोकमं सुकली का विचारलं, तर तू मला कोणाच्या तरी बाराव्याला काय वाढलं ते सांगत बसलीस. आता कर्करोगासारखी गोष्ट मी अंगणात उभी राहून चार वेळा ओरडून सांगायची म्हणजे खालच्या वाडीला तुझ्या आधी कळणार. शिवाय हे असतात शेजारी कान देऊन. म्हणून पत्र. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं भरली, हात अजून चालतो. चष्मा लावून, दुकान सोनालीवर सोपवून, सावकाश वाच.

झालं असं. होळीनंतर पोलादपुरात छातीचे फोटो फुकट काढणारी गाडी आली होती. आम्ही गेलो ते यांच्यासाठी. चाळीस वर्षांची विडी आणि पहाटेचा तो खोकला. आमच्या वाडीत कोंबडा ठेवायची गरज पडत नाही ती त्यामुळेच. माझं काहीच दुखत नव्हतं. पण आलेच आहे तर माझाही नंबर लावला, कारण फुकट होतं. यांचा एक्केचाळीस, माझा बेचाळीस. रांग उन्हात. चाळीस नंबर आत गेला आणि हे गाडीच्या मागे गेले विडी ओढायला. (परीक्षेला बसायच्या आधी पोरं उजळणी करतात, तशी.) इतक्यात एक्केचाळीसचा पुकारा झाला. आता मी काय करावं? त्यांचं नाव मी रजिस्टरात, रेशनकार्डावर, आमच्या मंगेशच्या शाळेच्या दाखल्यांवर शंभर वेळा लिहिलं आहे, आत्ताही लिहिते: येसाजी. लिहायला कसली बंदी? पण तोंडानं अडतीस वर्षांत एकदाही घेतलेलं नाही. तेव्हा भर रांगेत, पोलादपूरच्या नाक्यावर, माझ्या माहेरची दोन माणसं मागे उभी असताना, मी गाडीच्या मागे बघून ते नाव ओरडणार होते काय? "अहो" म्हणून हाक मारली तर रांगेतल्या अकरा पुरुषांनी वळून पाहिलं. मागचे म्हणाले, "चला गो आजी, खोटी नका करू." नंबर फुकट जाऊ नये म्हणून मी यांचा कागद घेऊन आत गेले. हे आले ते माझ्या नंबरावर गेले. आतली मुलगी सकाळपासून चाळीस छात्या बघून दमलेली, तिनं आमच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मला फक्त एवढं म्हणाली की गळ्यातलं काढून ठेवा. मी म्हटलं, मंगळसूत्र मी काढत नाही, खांद्यावरून मागे सारते. सारलं. ते परत पुढे घसरलं असावं, पण श्वास रोखून धरायला सांगितल्यावर माणूस मंगळसूत्राकडे बघतो होय?

आठ दिवसांनी रिपोर्ट आले. माझा चांगला होता (म्हणजे यांचा), तो मी लोणच्याच्या बरणीवर दडपला. यांच्या नावावर मात्र लिहिलं होतं की उजवीकडे वर गाठीसारखं दिसतं, पुढची तपासणी करा. महाडच्या डॉक्टरांनी फिल्म पाकिटातून अर्धीच बाहेर काढली, रिपोर्ट वाचला, यांच्या ओठांचा रंग पाहिला आणि मुंबईला जा म्हणाले. त्यात त्यांचं तरी काय चुकलं? चाळीस वर्षं विडी ओढणारा माणूस समोर बसल्यावर गाठ बायकोच्या छातीत शोधायला कोण जाणार?

घरी आल्यावर महिपतीभावोजींनी फिल्म उन्हात धरली. यांचे ते चुलतभाऊ, तुला आठवत असतील. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात अकरा वर्षं लिफ्टमन होते, त्यामुळे वाडीत औषधपाण्याचा शेवटचा शब्द त्यांचा असतो. त्यांनी बराच वेळ पाहून सांगितलं की गाठ एक नाही, तीन हायत. एक अंधुक हाय, दोन जुळ्या हायत, आणि जुळ्या पांढऱ्याफटक हायत म्हणजे जास्त वायट.  हे खाटेवर जाऊन आडवे झाले. आणि त्या क्षणापासून, अक्का, आमच्या घरात सोळा दिवस जो आजारपणाचा सोहळा झाला तसा मी माहेरी किंवा सासरी कुठेही पाहिला नाही.

पहिल्या दिवशी यांनी विडीचा अख्खा कट्टा उंबऱ्यावर ठेवून पायानं चिरडला. दुसऱ्या दिवशी जो भेटायला आला त्याच्यासाठी पुन्हा एक कट्टा आणून चिरडला. लोक शहाळी, अंडी, ग्लुकोजचे पुडे घेऊन यायचे. हे खाटेवर उशीला टेकून बसायचे आणि हळू आवाजात (एरवी यांचा आवाज समोरच्या डोंगरापर्यंत जातो) सांगायचे की माणसाच्या हाती काय हाय. मला म्हणाले, डाळीचा डबा कुठे, दागिने कुठे, सगळं तुला सांगून ठेवतो. सगळ्या वस्तू मीच ठेवलेल्या होत्या, तरी मी मान डोलावली. बांधावरच्या फणसावरून श्रीपतभावोजींशी बारा वर्षांची भांडणं होती, त्यांना बोलावून, गळ्यात पडून, फणस तुझाच म्हणून सोडून दिला. श्रीपतभावोजी रडले. मीही रडले, फणस कापा होता. मंगेश मुंबईहून रोज फोन करायचा, आणि मी यांना अंडी उकडून, भाताच्या रोपांसाठी राबाच्या जागेवर पालापाचोळा पसरून, गाईचं करून, येणाऱ्यांना चहा करून, रात्री पडले की छातीत किंचित टोचायचं. म्हटलं, काळजीनं टोचत असेल.

मुंबईच्या डॉक्टरीणबाई मंगेशच्या वयाच्या. त्यांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली, पाहिली, यांच्याकडे पाहिलं, पुन्हा फिल्मकडे पाहिलं आणि अगदी आदरानं विचारलं, "आजोबा, तुम्ही मंगळसूत्र घालता का?" महिपतीभावोजींच्या दोन जुळ्या गाठी म्हणजे माझ्या वाट्या होत्या. हे म्हणाले, "नाय हो, आमच्यात बायका घालतात." मग खोलीतली सगळी माणसं एकेक करून माझ्याकडे वळली. मी तेव्हा पिशवीतून यांच्यासाठी सोललेलं अंडं काढत होते.

त्याच दिवशी दोघांचे फोटो परत काढले. यांची फुफ्फुसं धुरकटलेली, पण गाठ नाही. खोकला विडीचाच, सोडलीत ती पुन्हा धरू नका म्हणाल्या. हे ऐकून यांचा चेहरा असा उजळला की मला लग्नातला आठवला. लगेच बाहेर गेले. गेटापाशी विडी पेटवून पहिला झुरका घेतला असेल नसेल, तोवर मंगेशनं जाऊन सांगितलं की गाठ आईची आहे. नंतर मंगेश म्हणाला, बाबांनी ती जळती विडी मुठीतच विझवली. तळव्याला फोड आला होता, मी विचारलं तर म्हणाले चहा सांडला.

मग माझी मोठ्या मशीनमधली तपासणी झाली, बरगड्यांतून सुई घालून तुकडा काढला, आणि डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सगळं समजावलं. बाई गुणाची. मी अंगणवाडीवाली म्हटल्यावर चित्र काढून दाखवलं. सुरुवातीच्या गाठींमध्ये म्हणे जाती असतात आणि ऑपरेशनचा निकाल जातीप्रमाणे बदलतो. एक जात बहुतेक विडी-सिगारेटवाल्यांची. ती मोठ्या नळीपाशी ठाण मांडते, आणि ती काढली तरी निकाल जरा उणा, कारण त्या माणसाचं हृदय, उरलेलं फुफ्फुस, सगळंच आधीपासून धुरानं थकलेलं असतं. दुसरी जात कडेला, कोपऱ्यात वाढते. कधी झुरका न घेतलेल्या बायकांमध्ये सापडते ती बहुधा हीच, आणि लवकर हाती लागली तर निकाल चांगला. तिसरी अगदी आळशी, वर्षानुवर्षं जागची हलत नाही. ती वेळेवर काढली की शंभरातले पंचाण्णव निर्धास्त. मी लगेच म्हटलं, मला तिसरी चालेल. बाई हसल्या. म्हणाल्या, निवडीला वाव नाही, तुकड्याचा रिपोर्ट आला आहे, तुमची दुसरी. साडीच्या दुकानात सुद्धा मला नेहमी दुसरीच मिळते, तुला माहीत आहे.

हे मध्येच म्हणाले, "मला झाली आसती तर कंची?" बाई म्हणाल्या, बहुतेक पहिली. यांनी मान खाली घातली. मग एकदम, भांडायला उठल्यासारखे, टेबलावर हात आपटून म्हणाले, "विडी मी वढली. हिला कशापायी?" बाईंनी चुलीचा धूर म्हटलं, कधी कधी काहीच कारण सापडत नाही असंही म्हटलं. पण हे ऐकत नव्हते. दुकानदारानं माल दुसऱ्याच्या घरी टाकला म्हणून तक्रार करावी तशी हे बाईंशी हुज्जत घालत राहिले. शेवटी मंगेशनं बाहेर नेलं. मला मात्र वाटलं की घराच्या दृष्टीनं झालं ते बरंच झालं. यांना झाली असती तर निकालही उणा आणि सेवाही मीच केली असती. गाठ पत्ता शोधून नीट ठिकाणी आली.

ऑपरेशन असं, की बरगड्यांत बारीक भोकं पाडून उजवीकडच्या तीन कप्प्यांतला वरचा काढायचा. किंवा गाठ लहान आहे म्हणून नुसता तुकडा काढूनही भागेल, ते आत गेल्यावर आणि आजूबाजूचे रसग्रंथींचे दाणे तपासल्यावर ठरणार. उरलेले दोन कप्पे पसरून जागा भरतात म्हणे. बाकावरचं तिसरं पोर उठलं की बाकीची दोन ऐसपैस बसतात, तसं. मी विचारलं, पुढे काय? बाई म्हणाल्या, तुमच्यासारख्या शंभर जणींचं ऑपरेशन केलं तर पाच वर्षांनी ऐंशी-पंच्याऐंशी जणी असतात, आणि नसतात त्यातल्या काही भलत्याच कारणानं गेलेल्या असतात. तेव्हा मी "बरं" म्हटलं. पण रात्री मंगेशच्या घरी झोप येईना. मी त्या शंभर जणींना अंगणवाडीच्या आवारात ओळीनं बसवलं. सगळ्या आपल्यासारख्याच, कोणाच्या हातात कोयती, कोणाच्या कडेवर नातू. मग म्हटलं, आता पंधरा जणींनी उठा. अक्का, एकही उठेना. मी प्रत्येकीसमोर जाऊन उभी राहिले. कोणाला म्हणायचं ऊठ? मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. इतकी भीती मंगेशच्या वेळी अडले होते तेव्हाही वाटली नव्हती, कारण तेव्हा तू माझा हात धरून मला शिव्या देत होतीस.

परत आल्यावर सोहळा उलटा झाला, आणि रोगी बदलला तरी पाहुणचार बदलला नाही. लोक मला भेटायला येतात, यांच्याजवळ बसतात, यांचं सांत्वन करतात, कारण बाईमाणूस आजारी म्हणजे हाल घरधन्याचे. शहाळं कोणी आणलंच तर ते यांच्या हातात देतात. चहा मी करते. एक बाई तर मला सांगून गेली, "येसाजीभावोजींची काळजी घे गो, लय खचलेत." महिपतीभावोजींनी आपल्या जुळ्या गाठींबद्दल अजून हार मानलेली नाही. मशीन जुनं असेल म्हणतात. आणि श्रीपतभावोजी फणसाच्या बुंध्याला काटे बांधून गेले, कारण आमचे हे बरे निघाल्यावर फणस परत मागतील अशी त्यांना शंका आली. शंका रास्त होती. यांनी मागितलाच.

पण यांच्याबद्दल आणखी एक लिहायला हवं. योजनेतला गॅस आमच्याकडे सात वर्षं सुपं ठेवायला वापरात होता. आल्या दिवशी यांनी तो ओढून पुढे आणला, मला चुलीपासून हाताला धरून उठवलं आणि स्वतः भाकरी थापायला बसले. पहिली भाकरी कौलासारखी झाली. दुसरी तशीच. तिसरी खाताना माझी दाढ हलली.  हे म्हणाले, "उद्या बरी व्हईल." आज नववा दिवस, अजून झालेली नाही. विडीला मात्र हात लावलेला नाही, आणि आता कोणाला दाखवायला कट्टेही चिरडत नाहीत.

राहता राहिली ऑपरेशनची तारीख. बाई म्हणाल्या आहेत, एका महिन्याच्या आत करून टाका, त्यापुढे ढकलू नका, तारीख मात्र तुम्ही कळवायची. सगळे मला रोज विचारतात. मी कोणाला सांगते राब भाजायचे आहेत, कोणाला सांगते पावसाची आगोट लागायच्या आधी लाकडं, पापड, सुकी मासळी भरायची आहे, कोणाला सांगते कालवड जरा उभी राहू दे. मंगेश चिडतो. हे चिडत नाहीत, तेच जास्त जड जातं. बाहेर जाऊन उगाच गोठा झाडतात. तूही पत्र वाचून चिडशील, पण मी तारीख दिलेली नाही आणि इतक्यात देणार नाही. घरातल्या लहानथोरांना माझा नमस्कार-आशीर्वाद जसा ज्याला लागू असेल तसा वाटून दे. दुकानातल्या गर्दीत स्वतः जेवायचं विसरत जाऊ नकोस.

तुझी,
तुळजा

ता. क. सोनालीनं मागितलेली कोकमं डब्यात भरून ठेवली आहेत. आंबोशी यंदा नाही, आंबे माकडांनी नेले.

ता. क. २. वर राब, आगोट आणि कालवडीबद्दल जे लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. राब कधीच भाजून झाले, लाकडं यांनी भरली, आणि कालवड परवापासून माझे परकर चघळत घरभर फिरते आहे.

ता. क. ३. हे शेवटचं, आणि पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच. शनिवारी सोनालीनं मला गुपचूप फोन केला. (तिला रागावलीस तर माझी शपथ आहे.) शिमग्यापासून तुला खोकला आहे, वजन उतरलं आहे आणि पदराला लाल लागतं, तू ते विड्याचा काथ आहे म्हणून सांगतेस आणि डॉक्टरचं नाव काढलं की चुलीपुढे जाऊन बसतेस. अक्का, तू विडा खाणं आपले अप्पा गेले त्या वर्षीच सोडलंस, मी तिथेच होते. आई गेल्यापासून मला रागावणारी तू एकच उरली आहेस. बाईंनी सांगितलं ते मी नीट ऐकलं आहे, जात कुठलीही निघो, लवकर सापडली तरच कापून काढण्यात अर्थ असतो, आणि कदाचित तुझ्यात काहीच निघणार नाही, मग मला हवं तेवढं हस. पण तुझा फोटो माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी तारीख देणार नाही. महिन्यातले आठ दिवस गेले आहेत. माझ्या गाठीला उशीर झाला तर तो तुझ्या खात्यावर. पुढच्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी महाडच्या एसटी स्टँडवर बसलेली असेन, छातीच्या डॉक्टरकडे तुझा नंबर लावला आहे. तू आली नाहीस तर तशीच बसून राहीन, आणि बुधवारी परत येऊन बसेन. मला घाई नाही, घाई डॉक्टरांना आहे.